ब्रिटिश आणि युरोपीय प्लग : फेज कुठे, फ्यूज कुठे?

ब्रिटिश प्लगला तीन आयताकृती पिना असतात आणि तो सॉकेटमध्ये एकाच पद्धतीने बसतो. जर्मन प्लगला दोन गोल पिना असतात आणि तो उलटा करून खोचला तरी तितकाच घट्ट बसतो. वीजदाब दोन्हीकडे २३० व्होल्ट, वारंवारता ५० हर्ट्झ, आणि उपकरणाच्या वायरीचे रंगही तेच. त्यामुळे पिनांचा आकार जुळवणारा अ‍ॅडॅप्टर लावला की काम झाले, असा समज सहज होतो. पण आकारापेक्षा मोठा फरक प्लगमागच्या व्यवस्थेत आहे. ब्रिटिश प्लग दोन गोष्टी पक्क्या करतो : उपकरणाच्या कोणत्या वायरीत फेज जाणार हे ठरलेले असते, आणि त्या फेजवर प्लगमध्येच एक फ्यूज असतो. युरोपच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी प्लग यांतले काहीच पक्के करत नाही. तिथे ती जबाबदारी उपकरणाची रचना आणि घराचा मुख्य बोर्ड यांच्याकडे दिलेली असते. एका पद्धतीचे उपकरण दुसऱ्या पद्धतीच्या सॉकेटवर चालवताना ही जबाबदारी मधल्या मध्ये सुटत तर नाही ना, एवढेच खरे तर तपासायचे असते.

हा प्रश्न फक्त लंडनपुरता नाही. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस हे युरोपीय संघातले देश ब्रिटिश प्लगच वापरतात. दुबई, मस्कत, दोहा, सिंगापूर, मलेशिया आणि हाँगकाँग इथेही तोच आहे. नोकरीनिमित्त जर्मनीतून लंडनला किंवा दुबईतून ॲमस्टरडॅमला घर हलवणाऱ्या कुटुंबाच्या सामानात दोन्ही जातींचे प्लग हमखास निघतात. भारतातून गेलेले असेल, तर तिसरी जातही.

पोलॅरिटी म्हणजे काय

बॅटरीला अधिक आणि उणे अशी दोन टोके असतात. घरच्या विजेला तशी नसतात. प्रवाहाची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी उलटसुलट होत असते. तरीही सॉकेटच्या दोन भोकांत फरक असतो. न्यूट्रलची वायर वीजपुरवठ्याच्या टोकाला जमिनीशी जोडलेली असते, म्हणून तिचा जमिनीच्या तुलनेतला दाब शून्याच्या जवळपास राहतो. फेजच्या वायरीचा जमिनीच्या तुलनेतला दाब २३० व्होल्ट असतो. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला शॉक बसतो तो फेजचा. प्लगच्या संदर्भात पोलॅरिटी म्हणजे या दोन वायरी ठरल्या जागी आहेत की त्यांची अदलाबदल झाली आहे, एवढेच.

अदलाबदल झाली तरी उपकरण चालते. हीटर तापतो, दिवा लागतो, मिक्सर फिरतो. म्हणून ‘चालते आहे म्हणजे जोडणी बरोबर आहे’ हा निष्कर्ष इथे उपयोगाचा नाही. चूक तीन ठिकाणी बाधते.

पहिली जागा बटणाची. अनेक साध्या उपकरणांत बटण दोनपैकी एकच वायर तोडते. ती फेजची असेल, तर बटण बंद केल्यावर आतला सगळा भाग निर्जीव होतो. ती न्यूट्रलची असेल, तर प्रवाह थांबतो पण फेज आतपर्यंत पोचलेलीच राहते. एकाच वायरीवर बटण असलेल्या टोस्टरमध्ये अडकलेला पाव कोणी बटण बंद करून सुरीने काढायला गेले, तर सुरी फेज असलेल्या तारेला लागू शकते. प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नये, हा नियम म्हणूनच दोन्ही पद्धतींत सारखाच लागू आहे.

दुसरी जागा दिव्याच्या होल्डरची. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज तळाच्या मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना असायला हवी, कारण बल्ब फिरवताना बोट लागण्याची शक्यता आट्यांनाच जास्त असते. वायरी उलट झाल्या की फेज आट्यांवर येते. भारतात आणि ब्रिटनमध्ये पूर्वापार चालत आलेल्या खटक्याच्या होल्डरमध्ये दोन्ही टोके आत सारखीच असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न उठत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची जागा फ्यूजची. समजा, फ्यूज चुकून न्यूट्रलच्या वाटेत आला आणि उपकरणातली फेजची वायर सुटून धातूच्या बाहेरच्या भागाला टेकली. प्रवाह फेजमधून धातूत, धातूतून अर्थिंगमध्ये जाईल. न्यूट्रलमधून जाणारच नाही. फ्यूज त्या वाटेवर नसल्यामुळे तो उडणार नाही. मग सगळा भरवसा मुख्य बोर्डावरच्या संरक्षणावर.

ब्रिटिश पद्धत : प्लगमध्ये फ्यूज का आला

आजच्या ब्रिटिश प्लगचे मानक बीएस १३६३ हे आहे आणि ते १९४७ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्याचा पाया दुसरे महायुद्ध चालू असतानाच घातला गेला होता. युद्धानंतर लाखो घरे नव्याने बांधावी लागणार आणि तांब्याचा तुटवडा असणार, हे दिसत होते. घरांतल्या वायरिंगचा विचार करणाऱ्या समितीने १९४४च्या अहवालात रिंग पद्धत सुचवली. विद्युत उपकरणांचा वापर स्त्रियांपर्यंत पोचावा म्हणून काम करणाऱ्या अभियंत्या कॅरोलिन हॅस्लेट या त्या समितीवरच्या एकमेव महिला सदस्य होत्या.

रिंग पद्धतीत बोर्डावरून निघालेली केबल एकेका सॉकेटला भेट देत मजलाभर फिरते आणि परत त्याच बोर्डावर येऊन मिळते. प्रत्येक सॉकेटपर्यंत वीज दोन बाजूंनी पोचते. त्यामुळे २.५ चौरस मिलिमीटरच्या तुलनेने बारीक केबलवर ३२ अँपिअरचे सर्किट चालवता येते आणि तांबे वाचते. जुन्या घरांत याच जागी ३० अँपिअरचा फ्यूज असे.

पण बचतीबरोबर एक अडचण आली. टेबललॅम्पची बारीक वायर तीन-चार अँपिअरच्या बेताची असते. तिच्यात बिघाड झाला, तर बोर्डावरच्या ३२ अँपिअरच्या एमसीबीला (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या बटणाला) त्याचा पत्ता लागायच्या आतच वायर तापून पेट घेऊ शकते. म्हणून प्रत्येक प्लगमध्ये, त्याच्या वायरीच्या ताकदीला साजेसा, स्वतंत्र फ्यूज ठेवण्यात आला. तो माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी नाही; वायर जळू नये म्हणून आहे. माणसाचे रक्षण अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी करतात. आरसीडी म्हणजे भारतात ज्याला वायरमन आरसीसीबी किंवा सैलपणे ईएलसीबी म्हणतात तेच उपकरण.

फ्यूज फेजवरच असला पाहिजे, तर प्लग उलटा बसता कामा नये. म्हणून तीन पिनांची त्रिकोणी मांडणी आली. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिले, की वरचे भोक अर्थिंगचे, डावीकडचे न्यूट्रलचे आणि उजवीकडचे फेजचे असते. अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते. ती आधी आत जाते, अर्थिंग आधी जोडते आणि खालच्या दोन भोकांवरची शटर उघडते. त्यामुळे मुलांनी खिळा किंवा तार खुपसली तरी सहसा आत जात नाही. काही कंपन्यांच्या सॉकेटमध्ये शटर उघडण्याची तऱ्हा थोडी वेगळी असते, पण हेतू तोच.

युरोपीय पद्धत : प्लग उलटा का चालतो

जर्मनीत घराच्या प्रत्येक भागाला बोर्डावरून वेगळी वायर जाते आणि तिच्यावर साधारणपणे १६ अँपिअरचा एमसीबी असतो. सॉकेटही १६ अँपिअरचेच. संरक्षण बोर्डावरच पुरेसे नेमके असल्यामुळे प्लगमध्ये फ्यूज ठेवण्याची गरज उरत नाही. आणि फ्यूज नाही, म्हटल्यावर तो कोणत्या वायरीवर आहे हा प्रश्नही नाही.

जर्मन प्लगला शुको म्हणतात. ‘संरक्षक स्पर्श’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दाचे ते लघुरूप आहे. याचा उगम १९२०च्या दशकातला. पिना ४.८ मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून १९ मिलिमीटर अंतरावर. अर्थिंगसाठी पिन नाही. सॉकेटच्या खोलगट वाटीत वर-खाली दोन धातूच्या पट्ट्या असतात आणि प्लग कसाही बसला तरी त्या त्याच्या कडांना टेकतात. अर्थिंगची खात्री आहे, पोलॅरिटीची नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, स्पेन, पोर्तुगाल आणि स्वीडन इथे हीच पद्धत आहे.

फ्रान्स, बेल्जियम, पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात सॉकेटमधूनच अर्थिंगची एक पिन बाहेर येते आणि प्लगला तिच्यासाठी भोक असते. इथे प्लग एकाच बाजूने बसतो. पण त्यामुळे पोलॅरिटी पक्की झाली असे समजू नये. फ्रान्समध्ये अर्थिंगची पिन वर धरली असता फेज उजवीकडे ठेवण्याची रीत आहे. चेक प्रजासत्ताकात ती डावीकडे असते. शिवाय आज बहुतेक उपकरणांना जो प्लग येतो, त्याला जर्मन पट्ट्याही चालतात आणि फ्रेंच पिनेसाठी भोकही असते. तोच प्लग पॅरिसमध्ये एकाच तऱ्हेने आणि बर्लिनमध्ये दोन तऱ्हांनी बसतो. मग उपकरण बनवणाऱ्याने पोलॅरिटी गृहीत धरायची कशी?

इटलीच्या प्लगला तीन पिना एका ओळीत असतात आणि मधली अर्थिंगची असते. दिसायला ठाशीव, पण दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे तोही उलटा बसतो. स्वित्झर्लंडच्या प्लगमध्ये मधली पिन ओळीतून थोडी बाजूला सरकवलेली असते, म्हणून तो एकाच बाजूने जातो. या सगळ्यांत जाणारा सडपातळ दोन पिनांचा युरोप्लग हा २.५ अँपिअरपुरता मर्यादित आहे. त्याच्या पिना ४ मिलिमीटरच्या आणि टोकांकडे किंचित जवळ येणाऱ्या असतात, आणि त्याला अर्थिंग नसते. चार्जर, दाढीचे यंत्र, रेडिओ अशा दुहेरी इन्सुलेशनच्या छोट्या उपकरणांसाठीच तो असतो.

नॉर्वेचे उदाहरण या सगळ्यावर प्रकाश टाकते. तिथल्या बऱ्याच भागांत घरात येणाऱ्या दोन्ही वायरी फेजच असतात. २३० व्होल्टचा दाब या दोन फेजांमधला असतो आणि न्यूट्रल घरापर्यंत येतच नाही. अशा ठिकाणी ‘फेजवर बटण’ या नियमाला अर्थच उरत नाही. युरोपात विकायचे उपकरण म्हणूनच कोणत्याही बाजूने प्लग बसला तरी सुरक्षित राहील असे बनवावे लागते : आतले इन्सुलेशन दोन्ही वायरींना फेज मानून केलेले, आणि जिथे गरज असेल तिथे दोन्ही वायरी एकदम तोडणारे बटण.

रंगांची भाषा

आजच्या उपकरणांच्या वायरीत, ब्रिटिश असो वा युरोपीय, तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी पट्टेरी म्हणजे अर्थिंग. उलट्या बसणाऱ्या शुको प्लगच्या वायरीलाही हेच रंग असतात. तिथे तपकिरीत फेज येईलच असे नाही, पण ब्रिटिश प्लग लावायची वेळ आली की तपकिरी वायर फेजलाच जोडावी.

घोटाळा होतो जुन्या सामानात. ब्रिटनमध्ये पूर्वी लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग असे. उपकरणांच्या वायरींचे रंग १९७०च्या सुमारास बदलले, पण भिंतीतल्या वायरिंगचे रंग बदलायला २००४ उजाडले आणि नवे रंग २००६पासून सक्तीचे झाले. त्यामुळे ब्रिटिश घरात भिंतीत लाल-काळी आणि उपकरणात तपकिरी-निळी असे दृश्य सर्रास दिसते. भारतातल्या जुन्या घरांतही लाल, काळी, हिरवी हीच ओळख आहे.

जुन्या जर्मन सामानात मात्र लाल वायर अर्थिंगची असे. १९६०च्या दशकात रंग बदलेपर्यंत तिथे फेज काळी, न्यूट्रल करडी आणि अर्थिंग लाल असा संकेत होता. जुन्या बाजारातून हौसेने आणलेल्या अशा दिव्याची लाल वायर कोणी ब्रिटिश किंवा भारतीय सवयीने फेजला जोडली, तर दिव्याचा सगळा धातूचा सांगाडाच फेजवर येईल. अमेरिकन वायरीत काळी म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल, हाही सवयीला चकवणारा संकेत. थोडक्यात, जुन्या वस्तूत रंगावर भरवसा न ठेवता प्रत्येक वायर उपकरणाच्या आत कुठे जाते ते मल्टिमीटरने पाहावे. उत्तम म्हणजे वायरच नवी घालावी.

युरोपीय उपकरण ब्रिटिश सॉकेटवर

सर्वांत सोपा उपाय प्लगला हातही न लावण्याचा आहे. कॉम्प्युटर, मॉनिटर, टीव्ही, लॅपटॉपचा चार्जर यांची वायर बहुधा उपकरणापासून सुटी होते. अशा वेळी दुकानातून ब्रिटिश प्लगची, तयार फ्यूज असलेली वायर आणून बदलावी. त्याआधी उपकरणावरच्या पट्टीवर २३० किंवा २२०–२४० व्होल्ट असे लिहिलेले आहे ना, ते वाचावे.

वायर सुटी होत नसेल आणि टोकाला युरोप्लग असेल, तर कन्व्हर्जन प्लग मिळतो. युरोप्लग त्याच्या आत बसवून झाकण स्क्रूने आवळायचे असते. बाहेरून तो ब्रिटिश प्लगच होतो आणि आत फ्यूज असतो. शुको प्लगसाठीही असाच प्रकार मिळतो. तो घेताना आत अर्थिंगच्या पट्ट्या आहेत आणि फ्यूज आहे, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. विमानतळावर मिळणारा जगभराच्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर फोन चार्ज करण्यापुरता ठीक आहे. इस्त्री, हीटर किंवा किटलीसाठी तो वापरू नये, कारण यांतल्या पुष्कळांत अर्थिंगची वाट पुढे गेलेलीच नसते.

पेनाचे टोक अर्थिंगच्या भोकात खुपसून शटर उघडायची आणि युरोप्लग खालच्या भोकांत ढकलायचा, हा ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांचा आवडता उद्योग आहे. तो तीन कारणांनी वाईट. २.५ अँपिअरची बारीक वायर फ्यूजशिवाय थेट ३२ अँपिअरच्या सर्किटवर येते. गोल पिना आयताकृती भोकांत नीट न टेकल्यामुळे तापतात. आणि सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल होऊन नंतर खरा प्लगही नीट बसत नाही.

कायमच्या वापरासाठी जुना प्लग कापून ब्रिटिश प्लग लावणे चांगले. प्लगचे झाकण उघडून अर्थिंगची पिन वर आणि पिनांची टोके समोरच्या दिशेने, म्हणजे काम करणाऱ्यापासून दूर, राहतील असा धरला, की उजवीकडे फ्यूज दिसतो. त्याच्या टोकाला तपकिरी वायर, डावीकडे निळी आणि वरती हिरवी-पिवळी. लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे : ‘ब्लू’मधला ‘ल’ लेफ्टचा, ‘ब्राउन’मधला ‘र’ राइटचा. बाहेरचे आवरण सोलताना आतल्या रंगीत आवरणाला चीर जाऊ देऊ नये. अर्थिंगची वायर इतरांपेक्षा थोडी लांब आणि सैल ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटेल. तांब्याचे सगळे तंतू पिळून स्क्रूखाली जावेत, एकही बाहेर लोंबू नये. खालची पकड वायरीच्या बाहेरच्या आवरणावरच यावी. रंगीत वायरी पकडीत आल्या तर त्या थोड्याच दिवसांत तुटतात. कापलेला जुना प्लग वायरीच्या तुकड्यासकट निकामी करून टाकावा, कारण मुलाने तो सॉकेटमध्ये खोचला तर कापलेल्या टोकावर थेट फेज येते.

दोनच वायरी असलेल्या उपकरणात अर्थिंगचे टोक मोकळे राहते. पण त्यासाठी उपकरणावर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण हवी. धातूचे बाह्यांग, दोनच वायरी आणि ती खूण नाही, असे उपकरण वायरमनला दाखवल्याशिवाय जोडू नये. काही युरोपीय दिव्यांच्या चपट्या वायरीत दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असतात. आट्यांच्या होल्डरचा दिवा असेल, तर मल्टिमीटर लावून होल्डरच्या तळाच्या टोकाशी जोडलेली बाजू शोधावी आणि तीच फ्यूजकडे जोडावी. जर्मनीत जे नशिबावर सोडले होते, ते ब्रिटनमध्ये असे कायमचे बरोबर करता येते.

फ्यूज किती अँपिअरचा, हे वॉटला २३०ने भागून निघते. साधारण ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअरचा लाल फ्यूज, त्यापुढे १३ अँपिअरचा तपकिरी. मधल्या गरजेसाठी ५ अँपिअरचाही मिळतो. ४० वॉटच्या दिव्याला १३चा फ्यूज घातला तरी दिवा लागेल, पण त्याच्या बारीक वायरीचे रक्षण मात्र होणार नाही. उलट बाजूची मर्यादाही ध्यानात ठेवावी. शुको सॉकेट १६ अँपिअर, म्हणजे सुमारे ३,७०० वॉट देऊ शकते. ब्रिटिश प्लग १३ अँपिअर, म्हणजे सुमारे ३,००० वॉटच. साडेतीन हजार वॉटचा जर्मन हीटर ब्रिटिश प्लगवर चालवायचाच नाही.

ब्रिटिश स्नानगृहात ‘फक्त दाढीच्या यंत्रासाठी’ असे लिहिलेले दोन भोकांचे सॉकेट दिसते. त्यात युरोप्लग बहुधा जातो. त्याच्या मागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो पुरवठा जमिनीपासून अलग ठेवतो. त्यावर दाढीचे यंत्र किंवा विजेचा टूथब्रश चालतो. केस वाळवायचे यंत्र नाही.

ब्रिटिश उपकरण युरोपात

उलट प्रवासात फ्यूजचा प्रश्न निम्माच सुटतो. ब्रिटिश प्लग अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून शुको सॉकेटवर लावला, तर त्याचा फ्यूज बरोबरच येतो. पण अ‍ॅडॅप्टर उलटा बसला, तर तो फ्यूज न्यूट्रलवर जातो आणि एका वायरीवरचे बटणही न्यूट्रलवर. अशा वेळी बोर्डावरचा १६ अँपिअरचा एमसीबी आणि आरसीडी हेच खरे रक्षक. नव्या घरांत दोन्ही असतात. भाड्याचे जुने घर घेताना बोर्डावर आरसीडी आहे का, हे घरमालकाला विचारावे.

अ‍ॅडॅप्टर घेताना पहिली अट अर्थिंगची. दोन गोल पिनांचा, कडेला पट्ट्या नसलेला अ‍ॅडॅप्टर ब्रिटिश प्लगची अर्थिंगची पिन आत घेतो, पण तिला पुढे कुठेच जोडत नाही. धातूच्या अंगाची किटली अशा अ‍ॅडॅप्टरवर चालवणे धोक्याचे. फ्रान्समध्ये वापरायचा असेल, तर अ‍ॅडॅप्टरला पट्ट्यांबरोबर भोकही हवे. डेन्मार्कची जुनी सॉकेट वेगळ्या घडणीची आहेत. त्यात शुको प्लग बसतो, उपकरण चालते, पण अर्थिंग जोडले जात नाही.

दीर्घकाळ राहायचे असेल, तर अ‍ॅडॅप्टरऐवजी प्लग बदलणे किंवा युरोपीय वायर आणणे बरे. टेबललॅम्पसारख्या दिव्यात बल्ब बदलताना प्लग काढूनच हात लावावा, कारण तिथे होल्डरच्या आट्यांवर फेज असण्याची शक्यता नेहमीच असते. काही उपकरणांना पोलॅरिटीचे वावडेही असते. ज्योत पेटली आहे की नाही हे ज्योतीतून जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावरून ओळखणारे काही गॅस बॉयलर फेज-न्यूट्रल उलट झाले की पेटून लगेच बंद पडतात. प्लग फिरवून खोचला की ते चालू झाले, तर दोष बॉयलरचा नसून जोडणीचा होता.

भारतीय प्लगचे स्थान

भारतातले तीन गोल पिनांचे प्लग ब्रिटनच्या, बीएस १३६३च्या आधीच्या, बीएस ५४६ या मानकातून आले आहेत. भारतीय मानक आयएस १२९३ त्यावरच उभे आहे. घरात ६ अँपिअर आणि १६ अँपिअर अशा दोन आकारांत ते दिसतात. जुन्या बोलण्यात त्यांनाच पाच आणि पंधरा अँपिअरचे म्हणतात. सॉकेटकडे पाहताना अर्थिंग वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे ही मांडणी ब्रिटिश सॉकेटसारखीच. पोलॅरिटी ठरलेली, पण प्लगमध्ये फ्यूज सहसा नसतो.

म्हणून पुण्याहून लंडनला किंवा दुबईला नेलेल्या मिक्सरला नुसता अ‍ॅडॅप्टर न लावता ब्रिटिश प्लग बसवावा. ७५० वॉटचा मिक्सर सुमारे सव्वातीन अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. ३चा फ्यूज उडू शकतो, ५चा पुरेसा ठरतो. हाच मिक्सर जर्मनीत नेला, तर त्याच्या वायरीला अर्थिंगसह शुको प्लग लावावा. भारतीय ६ अँपिअरची पिन ५ मिलिमीटरहून किंचित जाड, शुकोची ४.८; त्यामुळे दोन पिनांचा भारतीय प्लग जोर लावून शुकोत घातला, तर सॉकेटच्या पट्ट्या ताणल्या जातात.

जर्मनीहून भारतात आणलेले उपकरण ही याची दुसरी बाजू. शुको प्लग भारतातल्या अनेक सॉकेटांत आणि ‘सगळे काही बसते’ अशा एक्स्टेन्शन बोर्डांत जातो, पण कडेच्या पट्ट्यांना टेकायला तिथे काहीच नसते. यंत्र चालते, अर्थिंग नसते. कॉफीयंत्र, इस्त्री, ओव्हन अशा धातूच्या उपकरणांचा प्लग बदलून तीन पिनांचा भारतीय प्लग लावणे हाच यावरचा उपाय.

तपासणी

जोडणी झाल्यावर आणि वीज देण्याआधी मल्टिमीटरने दोन गोष्टी पाहाव्यात : प्लगच्या अर्थिंगच्या टोकापासून उपकरणाच्या उघड्या धातूपर्यंत वाट अखंड आहे, आणि फेज व न्यूट्रलच्या टोकांपासून त्या धातूपर्यंत कोणतीही वाट नाही. ब्रिटिश सॉकेट तपासायला तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो; तो फेज-न्यूट्रलची अदलाबदल आणि तुटलेले अर्थिंग दाखवतो, पण न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांच्या जागी गेले असतील तर ते त्याला कळत नाही. नेहमीचा स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर फेज कोणत्या भोकात आहे एवढेच सांगतो. मल्टिमीटरवर फेज ते अर्थिंग सुमारे २३० व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थिंग शून्य किंवा एखाद-दोन व्होल्ट आले, तर सॉकेट बरोबर. दोन्ही वाचनांत जवळजवळ सारखा, १३० व्होल्टच्या आसपासचा दाब आला, तर घराचा पुरवठा नॉर्वेसारखा दोन फेजांचा असू शकतो. अशा घरात पोलॅरिटीचा विचार सोडून दोन्ही वायरींना फेजच समजावे.

चालू उपकरणाच्या धातूला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या, तर दुहेरी इन्सुलेशनच्या चार्जरमधल्या गाळणीचा तो गळका, क्षुल्लक प्रवाह असू शकतो. पण तीन वायरींच्या उपकरणाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटले आहे असे समजून ते ताबडतोब बंद करावे. सॉकेटच्या मागचे, भिंतीतले किंवा बोर्डातले काम मात्र त्या देशातल्या परवानाधारक वायरमनकडेच द्यावे.